माहेरचं पाणी

रेवदंड्याला आमच्या घरापासून खाडी चालत सात-आठ मिनिटांवर आहे. भरती लागली की साळावच्या पुलाखाली पाणी फुगतं, पलीकडे कोर्लईच्या किल्ल्याचा डोंगर अर्धा पाण्यात बसल्यासारखा दिसतो. पाहुणे विचारतात, हा समुद्रच ना? मी सांगते, ही कुंडलिका. त्यांना खरं वाटत नाही. नदी म्हणावी तर पैलतीर फार लांब, आणि जिभेला लावलं तर खारट.

या नदीच्या काठाने उलटं वर जायचं, समुद्रापासून घाटमाथ्यापर्यंत, असं माझ्या मनात कितीतरी वर्षं होतं. गेल्या मेमध्ये ते जमलं. लेकीची दहावी संपली होती आणि तिला कोलाडला राफ्टिंग करायचं होतं. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मुळशीचं पाणी एकदा बघायचं होतं. ते अठ्ठ्याहत्तरचे. "एकदा" हा शब्द या वयात माणूस कसा उच्चारतो ते ज्यांच्या घरात म्हातारं माणूस आहे त्यांना सांगायला नको. आणि मला घाटात गाडी चालवायला आवडतं. माझं कारण एवढंच.

पहाटे साडेपाचला निघालो. साळावचा पूल ओलांडून चणेऱ्यावरून रोह्याकडे. खाडी डावीकडे कधी दिसते, कधी तिवरांमागे जाते. रोह्याच्या पुढे ती खाडी उरत नाही, नदी होते, आणि कोलाडला मुंबई-गोवा महामार्ग ओलांडला की आजूबाजूच्या सगळ्या रायगड जिल्ह्यात जे मेमध्ये फारसं कुठे दिसत नाही ते दिसतं. वाहतं पाणी, आणि पाटाच्या कडेला हिरवं उन्हाळी भात.

हे नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. कोकणातल्या नद्या पावसाच्या. चार महिने दांडगाई करतात, दिवाळीपर्यंत निवळतात, शिमग्यानंतर नुसते धोंडे. सह्याद्रीच्या ऐन धारेवरून निघून शंभर किलोमीटरच्या आत समुद्रात पडणारी नदी पाणी साठवणार कुठे? मग कुंडलिकेला मेमध्ये पाणी कुठून येतं? ते तिचं नसतं. ते मुळा आणि निळा या नद्यांचं असतं. या दोन्ही घाटमाथ्यावरच्या, पूर्वेला वाहणाऱ्या. मुळेचं पाणी पुण्यात मुठेला मिळतं, मग भीमा, मग कृष्णा, असं हजार किलोमीटरपेक्षा जास्त चालून बंगालच्या उपसागराला. टाटांनी मुळशीला या दोघींच्या संगमाजवळ धरण बांधलं, डोंगरातून बोगदा काढला आणि ते पाणी पश्चिमेला वळवून सुमारे ५०० मीटर खाली कोकणात भिऱ्याच्या वीजघरावर सोडलं. टाटांची घाटाखाली अशी तीन वीजघरं: खोपोलीचं १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं, भिऱ्याचं १९२७ चं. मुंबईच्या गिरण्या आणि आगगाड्या या पाण्यावर चालल्या. वीज करून झाली की पाणी कुंडलिकेत. आजही मुंबईला विजेची गरज लागेल तशी जनित्रं फिरतात, आणि त्या हिशेबाने नदी रोज भरते आणि रोज ओसरते. भरती-ओहोटी आमच्या रेवदंड्याला चंद्रावर चालते, वर भिऱ्याच्या अंगाला विजेच्या मागणीवर.

साजे गावापाशी राफ्टिंगवाल्यांच्या जीपा उभ्या होत्या. रबरी राफ्ट टपावर उलट्या बांधलेल्या. पंचवीस-तीस जण लाइफ जॅकेट घालून, हेल्मेट हातात धरून नदीकाठी बसलेले, आणि नदीत घोट्याएवढं पाणी. एक बाई नवऱ्याला विचारत होती, यात कसं करायचं? गाईड म्हणाला, "ताई, पाणी यायचंय अजून."

आप्पा एका करंजाच्या सावलीत दगडावर बसले. त्यांना राफ्टवर घेणं शक्य नव्हतं, पण पाण्याला पाय लागल्यावर त्यांचं समाधान झालं होतं. त्यांचं मूळ गाव याच नदीकाठचं, भिऱ्याच्या खालच्या अंगाला. नोकरीमुळे ते अलिबाग-रेवदंड्याकडे आले आणि तिथेच राहिले.

पाणी आलं ते आधी ऐकू आलं. वळणाच्या पलीकडून झाडांतून वारा यावा तसा आवाज. मग उघडे धोंडे एकेक करून ओले झाले, मग बुडाले, वाळलेली पानं आणि काटक्या घेऊन एक तपकिरी पट्टा पुढे सरकला आणि त्याच्या मागून स्वच्छ, हिरवट, गार पाणी. वीस-पंचवीस मिनिटांत नदी झाली. लेक आ वासून बघत होती. मीही. या जिल्ह्यात जन्म घेऊन मी हे पहिल्यांदा बघत होते.

राफ्टवर आधी अर्धा तास शिकवतात. पाय ट्यूबच्या खाली अडकवायचे, वल्ह्याची मूठ कधी सोडायची नाही, कारण निसटली तर शेजाऱ्याचे दात. "फॉरवर्ड" म्हटलं की सगळ्यांनी एका लयीत, "डाउन" म्हटलं की आत बसायचं आणि दोरी धरायची. आणि पडलात तर पाठीवर तरंगायचं, पाय पुढे, उभं राहायला जायचं नाही. हे शेवटचं गाईडने तीनदा सांगितलं. वाहत्या पाण्यात माणूस बुडतो त्याचं एक मोठं कारण हे आहे: पाय टेकायला जातो, पाऊल दोन धोंड्यांत अडकतं आणि पाणी त्याला पुढे वाकवतं. गुडघाभर पाणीही मग पुरतं. आमचा गाईड इथल्याच गावचा, तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा. नेपाळकडच्या मुलांकडून वल्हवायला शिकला. पाण्याकडे तो बोट दाखवून बोलत नव्हता, हनुवटीने दाखवत होता, कारण हात मोकळे नव्हते. "ते गुळगुळीत दिसतंय ना, त्याच्याखाली धोंडा आहे. जिथं पांढरं आहे तिथं भीती नाही, जिथं गुळगुळीत फुगलंय तिथं बघायचं."

साधारण बारा किलोमीटरचा पट्टा, त्यात लहानमोठे उतार. पहिल्याच उतारावर राफ्टचं नाक खाली गेलं, पाणी छातीवर आदळलं आणि इतकं थंड होतं की ओरडायलाही सुचलं नाही. मेमधली कोकणातली सकाळ, अंगाला घाम चिकटलेला, आणि धरणाच्या पोटातून डोंगराखालून आलेलं ते पाणी. दोन्ही काठांना झाडी वाकलेली. ऐन, जांभूळ, मध्येच पिवळी पडलेली बांबूची बेटं. एक खंड्या आमच्या पुढे पुढे काठाकाठाने उडत राहिला. संथ पट्टा आला तेव्हा गाईड म्हणाला, आता उतरा. लेक लगेच गेली. मी थोडा वेळ घेतला आणि गेले. पाठीवर पडून वाहत जाताना वरून झाडं सरकतात, कानात पाणी असल्यामुळे बाकी जगाचा आवाज बंद होतो, आणि नदी आपल्याला नेत आहे हे पाठीला कळतं. यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही. मी सेहेचाळीस वर्षांची आहे आणि त्या दहा मिनिटांत मला माझं वय आठवत नव्हतं.

काठाला आलो तेव्हा जीपने आप्पांना खालच्या टोकाला आणून सोडलं होतं. ते चपला काढून पाण्यात उभे होते. लेकीने विचारलं, "आजोबा, गार आहे ना?" ते म्हणाले, "बयच्या माहेरचं आहे."

बय म्हणजे त्यांची आजी. हे मला अर्धंमुर्धं माहीत होतं, सगळं त्या दिवशी ऐकलं. बयचं माहेर मुळशी पेट्यातलं. लग्न होऊन घाटवाटेने चालत खाली आली तेव्हा बारा-तेरा वर्षांची होती. तेव्हा सोयरीक वर-खाली सर्रास व्हायची. घाटमाथ्यावरचे लोक मीठ आणि सुकी मासळी न्यायला खाली येत, खालचे नाचणी-वरई आणायला वर जात, आणि त्याच वाटांनी मुलीही दिल्या-घेतल्या जात. ती सासरी आली आणि पाचसहा वर्षांत तिचं माहेर पाण्याखाली गेलं. मुळशीचा सत्याग्रह १९२१ च्या रामनवमीला सुरू झाला. पांडुरंग महादेव बापटांना "सेनापती" ही पदवी त्याच लढ्याने दिली. विनायकराव भुस्कुटे त्यांच्याबरोबर होते. मावळे पुरुष आणि बाया बांधाच्या कामावर जाऊन बसले, मार खाल्ला, तुरुंगात गेले. तीन वर्षं चालला. धरण झालं. धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी दिलेल्या जगातल्या पहिल्या लढ्यांमध्ये त्याची गणना करतात, पण शाळेत आमच्या वाट्याला तो दोन ओळींचा आला होता.

माझ्या मनात जे रुतलं ते वेगळं आहे. गाव बुडालं ते पाणी डोंगर फोडून खाली आलं आणि नेमकं तिच्या सासरच्या दारावरून वाहायला लागलं. उन्हाळ्यात कोरडी पडणारी नदी तिच्या डोळ्यांदेखत बारमाही झाली. धुणं नेणाऱ्या बाया पाणी चढलं की ओरडायच्या, पाणी आलं, पाणी आलं. बय म्हणायची, माहेरचं पाणी आलं. आप्पांच्या आठवणीत ती हे रडून म्हणत नसे. निरोप आल्यासारखं म्हणे, आणि काठाला जाऊन पाण्याला हळदकुंकू वाहून येई. दर सणाला.

कोलाडला जेवलो आणि सुतारवाडीवरून विळ्याला, तिथून डावीकडे ताम्हिणी घाट. पुण्याहून येणाऱ्याला हा घाट उतरणीचा. खिडकीतून दरी, ढग, फोटो आणि खाली कुठेतरी कोकण. आम्हा खालच्यांना तो चढणीचा असतो आणि समोर भिंत असते. विळ्यापाशी मान वर करून बघितलं की काळ्या खडकाचे थरावर थर दिसतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वाहिला, थिजला, त्यावर पुन्हा वाहिला. पाण्याने ती भिंत चिरत चिरत मागे नेली आणि या घळी झाल्या. प्लस व्हॅली असो, पिंप्रीच्या वरून दिसणारी कुंडलिकेची दरी असो, सगळी कोरीव कामं पाण्याचीच. पिंप्रीच्या कड्यावरून ती दरी मी एकदा हिवाळ्यात पाहिली होती. दोन्ही बाजूंचे कडे सरळ तुटलेले, तळाशी जंगल इतकं दाट की जमीन दिसत नाही. अंधारबनाची वाट तिथूनच भिऱ्याकडे उतरते. नावाप्रमाणे दुपारीही सावली.

मेमध्ये घाट कोणी बघायला येत नाही. पुष्कळांना तो पावसातच माहीत असतो. मला मेमधलाही आवडतो, कारण तेव्हा त्याची हाडं दिसतात. धबधब्यांच्या जागी काळे ओघळ. कारवीच्या काठ्या वाळून उभ्या. ही कारवी सात वर्षांनी एकदा फुलते आणि मग मरते, आणि फुलते त्या वर्षी अख्खा उतार जांभळा होतो. अंजनीला निळी फुलं येऊन गेलेली. एका वळणावर शेकरू दिसली, तांबूस शेपूट आंब्याच्या फांदीवरून खाली सोडून बसलेली. इथल्या जंगलाला २०१३ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. फलक आहे, त्याच्या पायथ्याशी बाटल्याही आहेत. मी गाडी थांबवून त्या पिशवीत भरल्या. बारा होत्या.

आणि आता पावसाबद्दल, कारण त्याबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. पुण्यात वर्षभरात सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. ताम्हिणीला २०२४ च्या जुलैमध्ये एका दिवसात ५५६ पडला. समुद्रावरून आलेले ढग या भिंतीला थडकतात, वर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिते होतात. त्यामुळे होतं असं, की वर माथ्यावर आभाळ फाटलेलं असतं आणि खाली घळीत, देवकुंड धबधब्याच्या डोहाशी, नुसती बुरबुर. डोहात उतरलेल्याला वाटतं पाऊस थांबलाय. पाणी वरून निघालेलं असतं. दरवर्षी जीव जातात. दरवर्षी प्रशासन बंदी घालतं, आणि बंदी म्हणजे मजेवर घाला असं समजून लोक मागच्या वाटेने जातात. ही पोरं वाईट नसतात. त्यांना पाणी कुठून येतं हे कोणी दाखवलेलं नसतं.

मलाही नव्हतं. बावीस-तेवीस वर्षांची असताना मैत्रिणींबरोबर जुलैत इथलाच एक ओढा पिंढरीभर पाण्यातून ओलांडून पलीकडे गेले. पंधरा मिनिटांनी परतायला वळलो तर ओढा कमरेच्या वर. डोक्यावर पाऊस नव्हता. एक गुराखी बाबा अलीकडच्या काठावरून हाताने "बसा" अशी खूण करत होता, आणि आम्ही बसलो म्हणून आज हे लिहिते आहे. अडीच तासांनी पाणी उतरलं. तो तिथेच उभा होता, इरलं घेऊन. उतरलो तेव्हा त्याने रागावून जे सांगितलं ते मी लेकीला अ आ ई शिकवल्यासारखं शिकवलंय: पाणी गढूळलं की निघायचं. पालापाचोळा वाहून यायला लागला की निघायचं. आवाज जाड झाला की निघायचं, आणि आवाज अचानक थांबला तर पळायचं, कारण वर कुठेतरी काहीतरी अडलंय. डोहात उडी मारायची नाही. घाटात वळणावर गाडी उभी करायची नाही, धुक्यात मागून डंपर येत असतो. गाणी मोठ्याने लावायची नाहीत. हे शेवटचं मी त्याच कारणासाठी सांगते. स्पीकर चालू असेल तर पाण्याचा आवाज बदललेला कळतच नाही.

ताम्हिणी गावात विंझाईच्या देवळापाशी आप्पा उतरले. गाभाऱ्यात गेले, बाहेर येऊन पायरीवर बसले. बय इथे नवस बोलली होती म्हणे, कसला ते कोणाला माहीत नाही. पुढे निव्याच्या बाजूला एका घरी ताक मिळालं. तिथल्या वहिनींनी फणसाचे गरे दिले आणि पैसे घेतले नाहीत.

मग मुळशी. मेअखेर पाणी पुष्कळ मागे सरलेलं. रस्त्यापासून खाली लाल-करडा उतार, भेगाळलेला, त्यावर गुरांच्या पावलांचे ठसे, आणि फार खाली निळं पाणी. मागे सरलेल्या पाण्याने जागोजागी दगडांच्या ओळी उघड्या पडलेल्या. बांध असतील, जोती असतील. लेक हात धरून आप्पांना खाली घेऊन गेली. मी गाडीपाशी थांबले. मला वाटलं होतं ते काहीतरी बोलतील, कुठलं गाव कुठे असेल ते दाखवतील. त्यांना ते माहीत असण्याचं कारणच नव्हतं. त्यांच्या जन्माच्या वीस वर्षं आधी ते बुडालं होतं. ते एका जोत्यावर बसले, लेक शेजारी बसली. बराच वेळ. पाठमोरे दोघे, आणि समोर पाणी. वर आले तेव्हा लेकीने सांगितलं, आजोबांनी विचारलं की इथलं पाणी खाली पोचायला किती वेळ लागत असेल. तिने मोबाइलवर अंतर बघितलं, ५०० मीटरचा उतार धरला, पाइपातल्या पाण्याचा वेग किती असेल ते मांडून बघितलं. बोगदा सोडून नुसता डोंगराचा उतार धरला तर काही मिनिटं, असं तिचं उत्तर आलं. तिचं गणित बरोबर आहे का ते मी तपासलं नाही. बयला हेच अंतर उतरायला एक आख्खा दिवस लागला होता, नवी साडी नेसून, अनवाणी.

उतरताना अंधार झाला. मेअखेर म्हणजे काजव्यांचे दिवस, पहिल्या पावसाआधीचे. मोकळी, सुरक्षित जागा बघून गाडी रस्त्याच्या पुष्कळ बाहेर घेतली, दिवे बंद केले. आधी काहीच नाही. मग दरीच्या बाजूला एक झाड लुकलुकलं. मग त्याच्या शेजारचं. मग जणू एकाने दुसऱ्याला सांगितलं आणि सगळ्या उताराने एकदम श्वास घेतला, सोडला. आम्ही टॉर्च लावले नाहीत, फोटो काढले नाहीत. काजवे उजेडाने एकमेकांना शोधतात, आपला उजेड मध्ये घातला तर ते चुकतात.

रात्री गावी चुलतभावाकडे मुक्काम. वहिनीने भाकरी आणि सुकटीची चटणी केली होती, आणि आंब्याचं रायतं. अंगणात झोपलो. रात्री नदीचा आवाज नव्हता. पाणी बंद होतं.

सकाळी सहाला आप्पांनी मला हलवलं. लेक आधीच उठून बसली होती. वहिनीकडून त्यांनी हळदकुंकवाची कोयरी मागून घेतली होती, ती धोतराच्या सोग्यात धरली होती. तिघं नदीवर गेलो. उघडे धोंडे, मधून एक बारीक धार, तिच्यात एक ढोकरी उभी.

"आलं नाही अजून," आप्पा म्हणाले, आणि दगड झाडून बसले.